गोळी दिली, पट्टा बांधला, तरी गोचिड्या परत? आधी भिंत तपासा

गोळी देऊन वीस दिवस होतात. सकाळी कुत्र्याच्या कानामागे हात फिरवावा तर बोटाला परत तेच लागतं: राखाडी, फुगलेली, वाटाण्याएवढी गोचीड. मग दुकानातून दुसऱ्या नावाचं औषध येतं, महिनाभर बरं वाटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आमच्या खंड्याच्या बाबतीत हे पावणेदोन वर्षं चाललं. सावंतवाडीजवळचं गाव, चिऱ्यांचं जुनं घर, पुढे पडवी, त्यापुढे खळं, बाजूला मांगर आणि सभोवार जांभ्याचा गडगा. या काळात आम्ही दोन तऱ्हेचे थेंब वापरले, एक पट्टा, दोन शाम्पू, एक पावडर. दर वेळी "हेही चालत नाही" म्हणत पुढचं आणलं. खरं तर त्यातली निम्मी औषधं नीट चालत होती. आम्ही औषध देत होतो कुत्र्याला, आणि गोचिड्या राहत होत्या पडवीच्या भिंतीत. हे कळायला लागलेला वेळ तुमचा वाचावा म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी नक्की कोण आहे ते बघा

"कुत्र्याला किडे झालेत" एवढ्यावर औषध मागू नका. गोचीड, पिसू आणि जंत ही तीन वेगळी दुखणी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. जंताच्या गोळीने गोचिड्या जात नाहीत. अनेक घरांत नेमका हाच गोंधळ असतो: "गेल्याच महिन्यात गोळी दिली ना?" दिलेली असते, पण जंतांची.

गोचीड चामडीत तोंड रुतवून एका जागी बसते. कानाच्या आत, कानामागे, मानेखाली, पायाच्या बोटांच्या बेचक्यात, काखेत, शेपटीच्या मुळाशी ती शोधावी. पिसू पळते आणि उडी मारते, हाताला क्वचितच लागते. पिसवांची खूण म्हणजे कमरेवर आणि शेपटीच्या बुडाशी केसांत दिसणारी काळी कणी. ती कणी ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. कणीभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग पसरला नाही तर नुसती माती. आमच्याकडे लाल माती असल्यामुळे मी हे नेहमी दोनदा करून बघते आणि कणीभोवती रंग ओलाव्याबरोबर पसरतो का, एवढंच पाहते.

औषध फसलं की नवी गोचीड चढली?

औषध बदलण्याआधी या प्रश्नाचं उत्तर काढा. सगळा पुढचा खर्च त्यावर आहे.

चघळायच्या गोळ्या गोचिडीला अंगावर चढण्यापासून अडवत नाहीत. गोचीड चावते, रक्त पिते, रक्तातून औषध तिच्या पोटात जातं आणि मग ती मरते. याला काही तास लागतात, कधी दिवसभर. म्हणून गोळी चालू असतानाही अंगावर बारीक, चपट्या, चालणाऱ्या गोचिड्या दिसणारच. त्या भिंतीतून नव्याने आलेल्या असतात. उद्या मेलेल्या, सुकलेल्या सापडतील.

फुगून राखाडी झालेली गोचीड मात्र वेगळी गोष्ट सांगते. मादीला तेवढं फुगायला अनेक दिवस सलग रक्त प्यावं लागतं. गोळीची मुदत चालू असताना अशी जिवंत, टपोरी मादी सापडली तर औषध खरोखर कमी पडतं आहे. तिच्या शेजारी बसलेली लहान चपटी बहुतेकदा नर असते. तो फुगत नाही, म्हणून त्याला पिल्लू समजू नका.

मी तीन आठवडे रोज संध्याकाळी खंड्याला कुशीत घेऊन बोटांनी सगळं अंग चाचपलं आणि वहीत मांडलं: चपट्या किती, फुगलेल्या किती, मेलेल्या किती. गोळीनंतर फुगलेली एकही नव्हती. चपट्या मात्र रोज सात-आठ. त्या वहीने डॉक्टरांना जे सांगितलं ते माझ्या तक्रारींनी कधी सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "ताई, औषध बदलू नका, घर बघा."

औषध खरंच फसत असेल तर

फुगलेल्या गोचिड्या सापडत असतील तर आधी साध्या चुका तपासा. गोचिडीला औषधाची सवय झाली, हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी. सवय होते हे खरं आहे. पायरेथ्रॉइड गटातली औषधं, अमिट्राझ, फिप्रोनिल यांना दाद न देणाऱ्या तपकिरी गोचिड्या वेगवेगळ्या देशांत आढळल्या आहेत. पण घरातली चूक त्याहून कितीतरी जास्त वेळा कारण असते.

वजन. गोळ्या आणि थेंब वजनाच्या टप्प्यांवर ठरतात. सहा महिन्यांपूर्वी नऊ किलोचं असलेलं पिल्लू आज चौदा किलोचं असतं आणि आपण मात्र जुनंच पाकीट दाखवून तेच मागतो. घरच्या वजनकाट्यावर आधी कुत्र्याला घेऊन उभं राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. मोठ्या कुत्र्याची गोळी आणून दोघांत अर्धी-अर्धी करणं टाळा, वजनाप्रमाणे नेमका डोस मग कुणालाच मिळत नाही.

आंघोळ. फिप्रोनिलचे थेंब त्वचेवरच्या तेलात मिसळून अंगभर पसरतात आणि तैलग्रंथींत साठतात. आदल्या दिवशी शाम्पू केला तर ते तेलच धुतलं जातं. थेंब टाकण्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. दर रविवारी साबणाने घासून आंघोळ घालायची सवय असेल तर थेंबांऐवजी गोळीच बरी. आणि थेंब केसांवर नाहीत, केस बाजूला सारून कातडीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, जिथे त्याची जीभ पोचत नाही तिथे. मी पहिल्या वेळी थेंब केसांवरच सोडले होते. अर्धं औषध केसांवर सुकून गेलं.

उलटी. गोळी दिल्यावर तासा-दोन तासांत उलटी झाली तर डॉक्टरांना फोन करा, आपल्या मनाने दुसरी देऊ नका. फ्लुरालॅनरची (दुकानातलं नाव ब्राव्हेक्टो) गोळी तर जेवणासोबतच द्यायची असते. रिकाम्या पोटी ती नीट अंगी लागत नाही.

आणि खंड. हे सगळ्यात मोठं कारण, पण ते समजायला भिंतीतलं गणित कळायला हवं.

भिंतीत काय चाललेलं असतं

कुत्र्यावर आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडते ती तपकिरी गोचीड, शास्त्रीय नाव र्‍हिपिसेफॅलस सँग्विनियस. बहुतेक गोचिड्यांना रान लागतं, गवत लागतं. हिला लागत नाही. कुत्रा आणि फटी असलेलं घर एवढ्यावर हिचा सगळा जन्म पार पडतो, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही ती सापडते. अनेकांना वाटतं गोठ्यातल्या गुरांमुळे कुत्र्याला झाल्या. गुरांवरची नेहमीची गोचीड वेगळ्या जातीची असते, ती जवळजवळ सगळं आयुष्य एकाच गुरावर काढते. आमच्या गायीला आम्ही उगाच दोष दिला.

पोट भरलेली मादी कुत्र्यावरून गळून पडते आणि वर चढायला लागते. हा तिचा स्वभावच आहे. भिंतीवरून, दाराच्या चौकटीवरून, पडद्यावरून वर जाऊन फटीत शिरते आणि तिथे अंडी घालून मरते. एका मादीची अंडी चार हजारांपर्यंत जाऊ शकतात. त्यातून सहा पायांची, डोळ्याला जेमतेम दिसणारी पिल्लं निघतात. ती कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, उतरतात, फटीत कात टाकतात. आता आठ पाय. पुन्हा चढतात, पितात, उतरतात, कात टाकतात. मग मोठी होऊन तिसऱ्यांदा चढतात. म्हणजे जन्मभरात कुत्र्यावर काढलेले दिवस थोडेच, बाकी सगळा मुक्काम भिंतीत. उबदार हवेत हे चक्र साधारण दोन महिन्यांत पुरं होतं, आणि आपल्याकडे हवा उबदार नसते असे महिने किती? शिवाय मोठी गोचीड रक्त न मिळता अनेक महिने फटीत तग धरते. कुत्र्याला महिनाभर मामाकडे ठेवून घर "मोकळं" करायचा उपाय म्हणून फसतो.

आता खंडाचं बघा. आम्ही गोळी द्यायचो, अंग साफ दिसायचं, पुढच्या महिन्याला "आता कशाला" म्हणून थांबायचो. त्या वेळी भिंतीत हजारभर पिल्लं कात टाकत बसलेली. औषध उतरताच ती चढायची, मोठी व्हायची, अंडी घालायची आणि चक्र नव्याने सुरू. याउलट औषध एकही दिवस न चुकता तीन-चार महिने चालू ठेवलं तर भिंतीतून निघणारी प्रत्येक गोचीड कुत्र्यावर येते आणि अंडी घालण्याआधी मरते. औषध चालू असलेला कुत्रा हाच मग घर साफ करतो. म्हणून या काळात त्याला घराबाहेर बांधायचं नाही, नेहमीच्या जागीच वावरू द्यायचं. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, त्यांची नातवंडांची काळजी रास्त होती. मुलांची अंथरुणं आम्ही आतल्या खोलीत नेली आणि खंड्या पडवीतच राहिला.

घर कसं साफ केलं

रात्री टॉर्च घेऊन पडवीत गेलो. वीज-मीटरच्या फळीमागे, चिऱ्याच्या भोकांत, नाचणीच्या दाण्याएवढ्या गोचिड्यांचे पुंजके होते. दाराच्या चौकटीवर वरच्या बाजूला, हाताच्या उंचीपेक्षाही वर. त्याखाली खसखशीसारखा तपकिरी अंड्यांचा ढीग. दिवसा त्याच भिंतीसमोर बसून मी चहा प्यायचे आणि मला काही दिसलं नव्हतं. तुमच्या घरी चिरा नसेल तर खिडकीच्या चौकटी, फरशीचा भिंतीकडचा काठ, स्विचबोर्डाच्या कडा, सोफ्याची खालची शिवण, एसीच्या नळीचं भोक, पडद्यांचे वरचे दुमड आणि कुत्र्याच्या लाकडी घराचे सांधे बघा. कुत्रा जिथे झोपतो तिथून सुरुवात करून वरच्या दिशेने.

खंड्याचं गोणपाट जाळून टाकलं. त्याजागी धुता येईल अशी सुती चादर, दर चार दिवसांनी उकळत्या पाण्यात. पडवीच्या भिंतीचे सांधे आणि भोकं गवंड्याकडून सिमेंटने भरून घेतली. माझ्या मते सगळ्या खर्चात हाच पैसा सगळ्यात चांगला लागला, कारण फवारणी ओसरते आणि भरलेली भोकं तशीच राहतात. त्यानंतर फवारणीवाल्याला बोलावलं. त्याला "झुरळं" न सांगता "गोचिड्या" सांगा, म्हणजे तो फक्त मोरीच्या आणि ओट्याच्या मागे फवारून जाणार नाही, तर भिंतीच्या वरच्या कडा आणि फटी धरेल. अडीच-तीन आठवड्यांनी दुसरी फेरी करायचीच, कारण पहिल्या फेरीत अंडी वाचतात. फवारणी सुकेपर्यंत कुत्रा, मांजर, मुलं बाहेर. या औषधांनी मासे पटकन मरतात, तेव्हा माशांची टाकी झाका आणि विहिरीच्या काठाला, ओहोळाच्या बाजूला थेंबही जाऊ देऊ नका.

आम्ही मार्चच्या शेवटी सुरुवात केली. पाऊस लागला की बाहेरची फवारणी धुऊन जाते, म्हणून कोकणात मृगाच्या आधी दोन्ही फेऱ्या उरकलेल्या बऱ्या. एप्रिलमध्ये वहीतला आकडा कमी झाला नाही आणि मी खचले होते. मेमध्ये तो दोन-तीनवर आला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यानंतर वही कोरी आहे.

कुठलं औषध

गोचिडी असलेल्या घरातल्या कुत्र्यासाठी मी चघळायची गोळी निवडेन. आयसोक्साझोलिन या गटातल्या फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर, सॅरोलॅनर या गोळ्या. दुकानात ब्राव्हेक्टो, नेक्सगार्ड, सिम्पारिका या नावांनी मिळतात. पहिलीचा असर साधारण बारा आठवडे, बाकीच्या दोन्हींचा महिनाभर. महिन्याची तारीख विसरणाऱ्या घरात बारा आठवड्यांची सोयीची. पण पिल्लू भराभर वाढत असेल तर महिन्याची घ्या, कारण बारा आठवड्यांत त्याचं वजनाचं माप बदलून जातं. आंघोळीने, समुद्राच्या पाण्याने यांना काही होत नाही. या गोळ्या पिसवांवरही उत्तम चालतात. एक इशारा मात्र गंभीरपणे घ्या: कुत्र्याला आकडी येत असेल किंवा पूर्वी आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. या गटाच्या औषधांनी काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणं, आकडी असे त्रास होऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला. बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही, पण ज्याला आकडीचा इतिहास आहे त्याच्यासाठी दुसरे मार्ग आहेत.

त्यातला एक म्हणजे फ्लुमेथ्रिन आणि इमिडाक्लोप्रिड असलेला पट्टा. त्याचा असर आठ महिन्यांपर्यंत राहतो आणि गोचीड चावण्याआधीच बिचकते, हा त्याचा मोठा फायदा. गळ्यात दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवा, केसांवर लोंबकळणारा पट्टा काम करत नाही. उरलेलं टोक कापून टाका, नाहीतर पिल्लं ते चावत बसतात. बाजारात मिळणारे स्वस्त सुगंधी "हर्बल" पट्टे हे नव्हेत. वेष्टनावर औषधाचं नाव आणि प्रमाण छापलेलं नसेल तर घेऊ नका.

अमिट्राझ पाण्यात मिसळून अंगाला लावतात. ते अजूनही उपयोगी आहे, पण ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच, लहान पिल्लांना आणि मधुमेही कुत्र्यांना नाही, आणि लावल्यावर कुत्र्याने अंग चाटता कामा नये. घरात मांजर असेल तर आणखी जपा. आमच्या मनीमुळे मी ते घरात आणलंच नाही. तसंच कुत्र्यासाठीचे पर्मेथ्रिन असलेले थेंब मांजराच्या जिवावर बेततात. एकाच गादीवर दोघं झोपत असतील तरीसुद्धा.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ वाटते ते. गुरांच्या गोचिडीचं औषध कुत्र्यावर वापरू नका. आम्ही वापरलं. शेतीच्या औषधांच्या एका दुकानात "सगळे हेच नेतात" असं सांगून बाटली दिली, बादलीत एक टोपण टाका म्हणाले. संध्याकाळी खंड्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली, मागचे पाय कापायला लागले. साबणाने अंग धुऊन, चादरीत गुंडाळून डॉक्टरांकडे नेला आणि रात्र त्यांच्या टेबलाशेजारी काढली. तो वाचला. गुरांसाठीचं तीव्र द्रावण टोपणाच्या अंदाजाने पातळ करणं म्हणजे नुसता जुगार आहे.

आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनचंही तसंच. "एक सुई मारली की झालं" असं सर्रास सांगतात. तपकिरी गोचिडीवर त्याचा भरवशाचा, टिकणारा असर नाही. आणि कॉली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड या जातींतल्या अनेक कुत्र्यांत एमडीआर-१ नावाच्या जनुकात दोष असतो, त्यामुळे हे औषध मेंदूत शिरतं आणि कुत्रा बेशुद्ध होऊ शकतो, दगावू शकतो. आपल्या कुत्र्यात कोणत्या जातीचं मिश्रण आहे हे आपल्याला कुठे ठाऊक असतं?

रॉकेल, तंबाखूचं पाणी, डांबरगोळ्यांची भुकटी, मुंग्यांचा खडू यांतलं काहीही अंगाला लावू नका. तंबाखूतलं निकोटीन कातडीतून शरीरात जातं, आणि कुत्रा चाटतोच. कडुलिंबाच्या पाण्याने खाज शांत होईल, त्याने भिंतीतली हजार पिल्लं मरणार नाहीत.

दिसलेली गोचीड काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. काडी लावून जाळू नका, तेल ओतू नका, बोटांत चिरडू नका, तिच्या रक्तातले जंतू आपल्या नखांत जातात. स्पिरिटच्या किंवा साबणपाण्याच्या बाटलीत टाका. खिडकीबाहेर फेकलेली मादी कंपाऊंडच्या भिंतीत जाऊन अंडी घालते.

तांदळाचे दाणे परत परत दिसतात तेव्हा

जंतांची तक्रार वारंवार येते ती बहुतेकदा अशी: शेपटीखाली, झोपायच्या जागेवर सुकलेल्या तांदळासारखे किंवा काकडीच्या बीसारखे दाणे. गोळी दिली की जातात, महिन्याभरात परत. हे फीतकृमीचे तुकडे, आणि हा फीतकृमी पिसवांतून येतो. पिसूची अळी त्याची अंडी खाते, मोठी पिसू कुत्र्याने दातांनी खाजवताना गिळली की तो पोटात वाढतो. म्हणजे इथे जंताची गोळी बदलून उपयोग नाही, पिसवा घालवायला हव्यात. गोळीत प्राझिक्वांटेल हे नाव आहे का तेवढं बघा. नुसत्या पायरँटेलच्या औषधाने फीतकृमी जात नाही, ते गोल जंत आणि अंकुशकृमीसाठी. तिन्हींवर चालणाऱ्या गोळीत प्राझिक्वांटेल, पायरँटेल आणि फेबँटेल ही तीन नावं असतात. गोचिडीच्या काही गोळ्यांत मिल्बेमायसिन जोडलेलं असतं. तिने गोल जंत जातात, फीतकृमी नाही.

पिसवांचं गणितही भिंतीसारखंच. अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या जेमतेम ५ टक्के. बाकी अंडी, अळ्या आणि कोष मांगरातल्या सावलीच्या मातीत, सतरंजीत, फरशीच्या सांध्यांत. कोषातल्या पिसूला फवारणी लागत नाही, आणि ती महिनोन् महिने वाट बघते. पाऊल वाजलं, ऊब लागली की बाहेर. बंद घर सुट्टीनंतर उघडल्यावर घोट्यांवर चावे येतात ते यामुळे. रोज झाडणं, व्हॅक्यूम असेल तर फिरवणं, आणि कुत्रा-मांजर दोघांनाही त्या-त्या प्राण्याचं औषध एकाच दिवशी, निदान तीन महिने. आमच्याकडे मनीला सोडून खंड्यालाच औषध दिलं होतं, तेव्हा पिसवा मनीवर सुखात होत्या.

पिल्लांचं वेगळं. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात उतरतात आणि दुधातूनही जातात, म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला, दूध सुटेपर्यंत, मग सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला. आईलाही त्याच दिवशी. मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी, किंवा ताज्या शौचाची तपासणी करून लागेल तसं. पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या दिसल्या, शौच डांबरासारखं काळं झालं तर अंकुशकृमी रक्त पितो आहे असं समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा, लहान पिल्लू यात पटकन जातं. अंगणातलं शौच रोज उचला. गोल जंतांच्या अंड्यांना मातीत संसर्गक्षम व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, पण एकदा झाली की वर्षानुवर्षं टिकतात, आणि त्याच मातीत मुलं खेळतात. आणि खाटकाकडची कच्ची फुप्फुसं, काळीज कुत्र्याला घालू नका, शिजवून घाला. त्यातून येणाऱ्या एका फीतकृमीमुळे माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात.

रानात जाणाऱ्यांसाठी

आमच्या भागात गोचीड म्हटलं की लोकांना माकडताप आठवतो, आणि काही घरांनी त्या भीतीने कुत्री सोडून दिली हे मी पाहिलं आहे. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला हा ताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गात आला. तो मुख्यतः हिमॅफायसॅलिस या रानातल्या गोचिडीमुळे पसरतो, पडवीच्या भिंतीतल्या तपकिरी गोचिडीमुळे नव्हे. कुत्र्याला सोडून देऊन काही साधत नाही. पण काजूच्या बागेत, रानात कुत्रा ज्या महिन्यांत तुमच्यासोबत येत असेल त्या महिन्यांत पट्टा घाला, आणि परतल्यावर त्याचं अंग आणि आपले पाय दोन्ही तपासा. तपकिरी गोचीडही माणसाला अगदीच निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे अंगावर पुरळ उठणारा एक ताप येऊ शकतो. गोचीड चावल्यावर ताप आला तर डॉक्टरांना चावल्याचं सांगा.

गोचिडी गेल्या, पण कुत्रा मलूल आहे

खंड्याचं असंच झालं. ऑगस्टमध्ये अंग साफ होतं, आणि तो भाकरीला तोंड लावेना. दुसऱ्या दिवशी नाकातून रक्ताची धार. रक्त तपासलं तर प्लेटलेट ३८ हजार, जिथे दोन लाखांच्या आसपास तरी हव्यात. एर्लिकिया, म्हणजे नेहमीच्या बोलीतला टिक फीवर. चावा महिन्यांपूर्वीचा असू शकतो, कारण हा जंतू शरीरात दबून राहतो. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस दिलं, रोज जेवणासोबत, कारण रिकाम्या पोटी त्याला उलट्या होत. चौथ्या दिवशी तो उठून खळ्यात गेला, आणि त्यानंतरही गोळ्या बंद करायच्या नाहीत हे डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं.

ताप, जेवण सोडणं, फिकट हिरड्या, अंगावर लाल ठिपके, नाकातून रक्त, चहासारखी गडद लघवी यांतलं काहीही दिसलं तर गोचीड सापडो न सापडो, त्याच दिवशी रक्त तपासा. लघवी गडद असेल तर ते आवर्जून सांगा, तो बॅबेसिया, म्हणजे गोचिडीतूनच येणारा दुसरा जंतू, असू शकतो आणि त्याचं औषध वेगळं आहे. जाताना शेवटची गोचिडीची गोळी कधी दिली, कुठली दिली आणि कुत्र्याचं आजचं वजन किती, हे एका चिठ्ठीवर लिहून न्या. आमची वही अजून स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेली आहे. पुढची गोळी १४ तारखेला.